कोष्टक आणि बेवड : ऊस-नत्र शिफारशींच्या मराठी पुस्तिकांची चिकित्सा

प्रास्ताविक

मस्तगड ही जालना शहरातील जुनी गढी. निजाम असफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये ती उभारली आणि पुढील काळात तीत नगरपालिकेचे कार्यालय थाटले गेले. ज्या राज्याची ही गढी, त्या हैदराबाद संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी व प्रतवारी सुरू केली. मातीचा रंग, खोली, चुनखडीचे प्रमाण, उतार, ओलिताची सोय असे सर्व पाहून प्रत्येक शेताची प्रत आण्यांत ठरविली जाई. हेतू अर्थातच शेतसारा वसूल करण्याचा होता. शेतकऱ्याचे कल्याण हा नव्हता. तथापि, एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. शेतकऱ्याकडून घ्यायचे होते तेव्हा राज्यसंस्थेने शेत आणि शेत यांतील फरक बारकाईने पाहिला. पुढे विसाव्या शतकात शेतकऱ्याला सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र हा फरक एका कोष्टकात विरून गेला.

मस्तगडापासून अंबडच्या दिशेने निघाले की कोरडवाहू कापूस, सोयाबीन, तूर आणि मोसंबीच्या बागा मागे पडत जातात. पुढे अंबड व घनसावंगी तालुक्यांत पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लाभक्षेत्र लागते आणि ऊस दिसू लागतो. अंकुशनगर आणि तीर्थपुरी येथील कारखान्यांची धुराडी याच पट्ट्यातील. या उसाला नत्र किती, केव्हा आणि कसे द्यावे हे सांगणारे मराठी लेखन विपुल आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी', पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राच्या घडीपत्रिका, मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेच्या पुस्तिका, कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक आणि २००५ पासून 'अॅग्रोवन'ची पाने अशी त्याची व्याप्ती आहे. मराठीतील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या ज्ञानपर गद्यांपैकी हे एक असावे. तरीही 'साहित्य' या संज्ञेत ते कधी मोजले गेले नाही आणि त्यामुळे त्याची समीक्षाही झाली नाही. प्रस्तुत लेखात या लेखनातील शास्त्राची नव्हे, तर त्याच्या वाचनीय रूपाची चिकित्सा अभिप्रेत आहे. मात्र रूप तपासता तपासता शास्त्राशी गाठ पडतेच, ती टाळता येत नाही.

विध्यर्थाचे राज्य

कोणतीही पुस्तिका उघडली तरी वाक्यरचना एकच आढळते : 'खताची मात्रा चार हप्त्यांत द्यावी', 'मोठी बांधणी करावी', 'माती परीक्षण करून घ्यावे'. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. या पुस्तिकांनी त्यांपैकी विध्यर्थ तेवढा स्वीकारला आहे. विध्यर्थात कर्तव्याची भावना असते. कर्ता मात्र बहुधा गळून पडतो. 'द्यावे' असे म्हटले की कोणी, कोणत्या शेतात, पदरात किती पैसा असताना आणि कालव्याला पाणी असताना की नसताना, हे प्रश्न व्याकरणानेच बाद होतात. शेतीचा व्यवहार तर पावलोपावली संकेतार्थाचा आहे. आवर्तन आले तर. वाफसा झाला तर. मजूर मिळाले तर. सोसायटीत युरिया शिल्लक असेल तर. 'जर–तर' नसलेली शेती मराठवाड्यात कोणी पाहिलेली नाही.

शब्दसंग्रहाकडे पाहिले तरी हेच दिसते. 'मात्रा' हा शब्द वैद्याच्या खलबत्त्यातून आला, 'डोस' दवाखान्यातून आणि 'हप्ता' कर्जाच्या खातेवहीतून. म्हणजे जमीन एकतर रुग्ण आहे किंवा ऋणको आहे. याउलट मराठी शेतकऱ्याजवळ परिस्थिती सामावून घेणारे जे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ते या कोष्टकांत शिरलेले नाहीत. 'वाफसा' या एका शब्दात ओलावा, हवा आणि मशागतीची योग्य वेळ या तिन्ही गोष्टी येतात. 'कस' म्हणजे केवळ सुपीकता नव्हे. जमीन अजून किती देऊ शकेल याचा तो अंदाज आहे. आणि 'बेवड'! आधीच्या पिकाने जमिनीत मागे काय ठेवले याची नोंद ठेवणारा हा शब्द. हरभऱ्याचा बेवड, तुरीचा बेवड, ज्वारीचा बेवड असे म्हणताना शेतकरी नत्राचाच हिशेब मांडत असतो. फक्त तो किलोग्रॅममध्ये नसतो. उसाच्या खत-कोष्टकात 'आधीचे पीक' असा रकानाच नसतो. जालना जिल्ह्यापुरते बोलायचे तर यात विशेष विसंगती आहे. जिल्ह्यातील बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्र कडधान्यांसाठी ओळखले जाते. बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण तेथूनच आले. हवेतील नत्र मुळांवरच्या गाठींत साठविणाऱ्या पिकांवर काम करणारे केंद्र जिल्ह्यातच असताना, त्याच जिल्ह्यातील उसाची पुस्तिका बेवडाविषयी मौन पाळते.

कोष्टक काय सांगते

कोष्टकाची बाजू आधी नीट मांडणे अगत्याचे आहे. पाडेगावचे केंद्र १९३२ मध्ये स्थापन झाले. नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रातील जमिनी, तेथील पाणी आणि तेथील प्रयोगांतून राज्याच्या ऊसशेतीचे बरेचसे ज्ञान तयार झाले. को ७४०, को ७२१९, को ८६०३२, फुले २६५ या वाणांची नावे गावोगावी पोचली ती याच परंपरेतून. राज्यात रूढ असलेली नत्र, स्फुरद व पालाश यांची हेक्टरी शिफारस अशी : आडसालीस ४००:१७०:१७०, पूर्वहंगामीस ३४०:१७०:१७०, सुरू व खोडव्यास २५०:११५:११५ किलो. को ८६०३२ या वाणाला ही मात्रा २५ टक्के वाढवून देण्याची शिफारस आहे. लागणीच्या उसातील नत्र लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असे विभागले जाते. या विभागणीमागे उसाच्या शरीरशास्त्राची चांगली जाण आहे. फुटवे फुटण्याच्या काळात नत्राची गरज वाढते, बांधणीनंतर कांडे धरू लागताना ती पुन्हा वाढते, आणि पक्वतेकडे जाताना नत्र जितके कमी तितके रसासाठी बरे. एकाच वेळी सगळे पोते रिकामे करण्याच्या सवयीपुढे ही चार हप्त्यांची शिस्त निश्चितच पुढचे पाऊल होते.

प्रश्न आहे तो २५० या आकड्याच्या स्वभावाचा. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र युरियातूनच द्यायचे झाले, तर सुमारे ५४३ किलो युरिया लागतो. म्हणजे ४५ किलोची बारा पोती. आता एका शेतात हेक्टरी १०० टन ऊस निघाला आणि दुसऱ्यात ६० टन, तर पहिल्याने टनामागे अडीच किलो आणि दुसऱ्याने चार किलोहून अधिक नत्र खर्च केले. कोष्टकाच्या लेखी दोघेही सारखेच आज्ञाधारक. तोडलेल्या उसाबरोबर शेतातून बाहेर जाणारे नत्र टनाला साधारण एक ते सव्वा किलोच्या आसपास असते. उरलेले कोठे गेले, हा प्रश्न पुस्तिकेत विचारला जात नाही, कारण कोष्टक देण्याचे आहे, घेण्याचे नाही.

ऑस्ट्रेलियातील ऊस उत्पादकांसाठी 'सहा सोप्या पायऱ्या' या नावाने जी शिफारसपद्धती रूढ झाली, तिची मांडणी येथे तुलनेसाठी घेण्यासारखी आहे. तेथे आधी त्या भागाची उत्पादनक्षमता विचारात घेतात. पहिल्या १०० टनांपर्यंत टनाला १.४ किलो आणि त्यापुढील टनाला १ किलो असे नत्र धरतात आणि मग मातीतील सेंद्रिय कर्ब, आधीचे शेंगवर्गीय पीक, मळी यांची वजावट करतात. ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळक्षेत्रात वाहून जाणाऱ्या नत्राचा दबाव त्यामागे आहे, हे खरे. तेथील माती, पाऊस व यांत्रिक तोडणी वेगळी. म्हणून तेथील आकडे अंबड-घनसावंगीला उचलून आणणे हा दुसरा मूर्खपणा ठरेल. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की त्या शिफारशीचे वाक्य 'किती टन निघेल?' या प्रश्नाने सुरू होते आणि वजावटीने संपते. तेथील पायऱ्यांत बेवड आहे. तो शब्द ज्या भाषेत आहे तिच्या कोष्टकात नाही.

बेरीज आणि वजाबाकी

या पुस्तिकांचे सर्वांत मोठे वैगुण्य त्यांच्या एकेका प्रकरणात नाही. ते प्रकरणांच्या परस्परसंबंधात आहे. खतांच्या प्रकरणात कोष्टक येते. वाणांच्या प्रकरणात को ८६०३२ ला २५ टक्के जादा. माती परीक्षणाच्या प्रकरणात नत्र 'कमी' आढळल्यास शिफारशीत २५ टक्के वाढ. जिवाणू खतांच्या प्रकरणात अॅसेटोबॅक्टरची बेणेप्रक्रिया केल्यास नत्रात ५० टक्के बचत. ठिबकाच्या प्रकरणात विद्राव्य खते दिल्यास साधारण ३० टक्के बचत. खोडव्याच्या प्रकरणात हेक्टरी आठ ते दहा टन पाचट जागीच कुजविल्यास त्यातून ४० ते ५० किलो नत्र. प्रत्येक प्रकरण आपापल्या जागी आत्मविश्वासाने बोलते. परंतु एका प्रकरणाला दुसऱ्याचे ऐकू येत नाही.

एखाद्या चिकाटीच्या वाचकाने सर्व प्रकरणे प्रामाणिकपणे पाळायची ठरविली, तर काय होते ते पाहावे. २५० वर वाणाची २५ टक्के आणि मातीची २५ टक्के वाढ घेतली की आकडा ३९० पर्यंत जातो. उलट २५० ची जिवाणूंमुळे निम्मी आणि त्यावर ठिबकाची ३० टक्के कपात केली तर ८७ उरतात. पाचटाचे ४० किलो वजा केले की ४७. एकाच परंपरेतील पुस्तिका वाचून एक वाचक हेक्टरी ३९० किलोवर आणि दुसरा ४७ किलोवर पोचू शकतो आणि दोघांनाही आपण शिफारशीप्रमाणेच वागलो असे वाटू शकते. शास्त्रज्ञांच्या मनात असा गुणाकार कधीच नसेल, हे उघड आहे. प्रयोग एकेका घटकावर होतात, आणि बचतीचे आकडे त्या त्या प्रयोगाच्या चौकटीत खरे असतात. पण गुणाकार करू नये असे पुस्तिका कोठे सांगत नाही, आणि कोणता आकडा कोणत्या आकड्यावर चढतो हेही सांगत नाही. प्रत्यक्षात शेतकरी बेरीज उचलतो, वजाबाकी सोडतो. यात त्याचा हटवादीपणा पाहण्याचे कारण नाही. वाढीव युरिया दिला आणि तो वाया गेला तर नुकसान डोळ्यांना दिसत नाही. कमी दिला आणि ऊस पिवळा पडला तर ते बांधावरून साऱ्या गावाला दिसते.

माती परीक्षणाचा उल्लेख येथे थोडा अधिक विस्ताराने करणे योग्य. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली आणि त्यानंतर ही पत्रिका घरोघरी पोचली. ती खिशात बाळगणाऱ्या शेतकऱ्याला शेताची ओळख कागदावर मिळाली, ही मोठीच गोष्ट. तथापि नत्र हा मातीतील अत्यंत चंचल घटक आहे. एका पावसात, एका पाळीत त्याची रूपे बदलतात. अनेक ठिकाणी तर 'उपलब्ध नत्र' हा आकडा सेंद्रिय कर्बावरूनच अनुमानला जातो. मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी. म्हणून पत्रिकेत नत्र 'कमी'. म्हणून मात्रेत वाढ. ज्या जमिनीला शेणखत, पाचट, हिरवळीचे खत यांची गरज आहे असे निदान व्हायला हवे, तिथे औषध म्हणून युरियाच लिहून दिला जातो. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गायराने व राने जंगलखात्याने ताब्यात घेतल्यामुळे गुरे आणि पर्यायाने खत कसे आटले, याकडे १८८३ मध्येच लक्ष वेधले होते. खताचा प्रश्न पोत्याचा नसून गोठ्याचा आणि कुरणाचा आहे, ही त्या लेखनातील दृष्टी पुस्तिकेच्या लेखनात क्वचितच आढळते.

काळी जमीन आणि कालव्याची पाळी

कोष्टकातील नत्र आणि मुळापर्यंत पोचणारे नत्र यांत जे अंतर आहे, ते जालना जिल्ह्याच्या काळ्या, चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीत विशेष वाढते. वर फोकलेला युरिया ओल मिळताच काही दिवसांत अमोनियात बदलतो. सामू आठाच्या पुढे असलेल्या मातीत त्यातील बराच भाग हवेत उडून जातो. जे उरते त्याचे नायट्रेट होते आणि पाटपाण्याच्या मोठ्या पाळीत ते मुळांच्या खाली उतरते. पाणी साचून राहिलेल्या काळ्या मातीत तिसरी वाट उघडते. तेथे जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. तीन वाटांनी गळणाऱ्या घागरीत चार हप्त्यांनी पाणी ओतायचे असा हा प्रकार आहे.

पुस्तिकेतील 'सहा ते आठ आठवड्यांनी' या शब्दांमागे पाणी हुकमी असल्याचे गृहीत आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा जालना, परभणीकडे जातो. परंतु त्या कालव्याचे आवर्तन धरणातील साठ्यावर, आणि साठा वरच्या नाशिक-नगर भागातील धरणांतून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहत आला आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने पाण्याची जी ओढाताण पाहिली, ती सर्वश्रुत आहे. अशा भागात खताचे वेळापत्रक आठवड्यांवर चालत नाही, पाळीवर चालते. आवर्तन सुटल्याची बातमी आली की पाण्यापुढे युरिया फोकायचा, कारण पुढची पाळी केव्हा येईल याची शाश्वती नाही. मोठ्या बांधणीची पाळी हुकली तर तो हप्ता उशिरा जातो. कधी ऊस कांड्यांवर आल्यावर, कधी त्याही पुढे. उशिरा मिळालेल्या नत्राने ऊस हिरवागार राहतो, पाणशोषे फुटतात, लोळण्याची शक्यता वाढते आणि रसाची शुद्धता घटते. पुस्तिकेचा विध्यर्थ येथे पाळला जात नाही एवढेच नव्हे, तर हुकलेल्या हप्त्याचे काय करावे याविषयी पुस्तिका काहीच बोलत नाही. 'मोठ्या बांधणीचा हप्ता हुकला असल्यास तो सोडून द्यावा' असे एक वाक्य शेकडो पोती वाचवू शकले असते. सोडून देण्याची शिफारस हा प्रकारच या वाङ्मयाला अपरिचित आहे.

या गळतीला दुसरेही टोक आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम मानली जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुने या मर्यादेपलीकडे आढळले. गोदावरी खोऱ्यातील काही जिल्ह्यांची नावेही त्यात ठळकपणे आली. सगळा दोष उसाच्या युरियाचा नाही. सांडपाणी, उघडी गटारे, उकिरडे हेही भागीदार आहेत. पण विहीर एकच असते. ज्या विहिरीवर ऊस भिजतो तिचेच पाणी वस्तीवर प्यायले जाते, हे मराठवाड्यातील अनेक गावांचे वास्तव आहे. खतांच्या प्रकरणात विहिरीचा उल्लेख केवळ सिंचनाचे साधन म्हणून येतो.

किंमत आणि काटा

भाषेच्या चिकित्सेत अर्थकारण आणणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु शिफारस ही अखेर दुकानाच्या काउंटरवर वाचली जाते. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्य आधारित अनुदान धोरण लागू झाले तेव्हा युरियाला त्यातून वगळण्यात आले. स्फुरद व पालाश यांच्या किमती वाढत गेल्या, युरियाची मात्र बांधलेली राहिली. निंबोळी आवरणाच्या ४५ किलोच्या पोत्याचा २६६ रुपये ५० पैसे हा दर धरला तर नत्राचा किलो तेरा रुपयांच्या आत पडतो. डीएपीचे पोते १३५० रुपयांनी धरून त्यातील नत्र वजा केले तरी स्फुरदाचा किलो पन्नासच्या पुढे जातो. २५०:११५:११५ या आकड्यांतील तोल छापील पानावर शाबूत असतो. काउंटरवर पहिला आकडा टिकतो आणि पुढचे दोन झिजतात. शिवाय शेतकरी किलोने नव्हे, पोत्याने मोजतो. २०१८ मध्ये युरियाचे पोते ५० वरून ४५ किलोंवर आणले गेले, त्यामागे ही सवय ओळखण्याची चतुराई होती : 'एकराला पाच पोती' म्हणणारा शेतकरी नकळत पंचवीस किलो युरिया कमी टाकील. २०१५ पासून देशी युरियाला पूर्ण निंबोळी आवरण सक्तीचे झाले. म्हणजे पोत्यातील मालाचा मातीतील वेग बदलला. पोते बदलले, माल बदलला, २५० तेच राहिले.

आणि काटा. रास्त व किफायतशीर दर २००९ पासून साखर उताऱ्याशी जोडलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३५५० रुपये. पण हा उतारा कारखान्याचा सरासरी असतो, शेतकऱ्याचा नव्हे. गाडीतळावर शेतकऱ्याच्या हाती जी पावती पडते तिच्यावर वजन असते. त्याच्या उसातील साखर नसते. जास्त व उशिराच्या नत्राने टनेज वाढले तर तो फायदा त्याचा. रसाची गोडी उतरली तर ते नुकसान हजारो सभासदांत वाटले जाते. अशा व्यवस्थेत युरिया जपून वापरणारा शेतकरी दुसऱ्याच्या उताऱ्याची राखण करतो आणि त्याचा मोबदला त्याला मिळत नाही. 'अतिरिक्त नत्रामुळे साखर उतारा घटतो' हे वाक्य बहुतेक पुस्तिकांत आहे. ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे, वाचकाच्या दृष्टीने निरर्थक. उतारा कोणाचा घटतो, हे त्या वाक्याने सांगितलेले नाही.

याच ठिकाणी यशोगाथा नावाच्या उपप्रकाराचा विचार करावा लागतो. 'एकरी शंभर टन' हे या गद्यप्रकाराचे वृत्त आहे. पुरस्कारही बहुधा टनांवरच मिळतात. यशोगाथेत शेतकऱ्याचे नाव, छायाचित्र आणि त्याने दिलेल्या खतांची तपशीलवार यादी येते; कर्ता गाळणाऱ्या पुस्तिकेची उणीव ती अशा रीतीने भरून काढते आणि म्हणूनच ती अधिक वाचली जाते. पण तिच्यात तुलनेचा वाफा नसतो. दिलेल्या पंधरा गोष्टींपैकी कोणत्या नऊ दिल्या नसत्या तरी चालले असते, हे कळण्याचा मार्ग नाही. श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या रूपाने शेतकऱ्याला वाचक न मानता प्रयोगकर्ता मानले. 'विपुलाच सृष्टी'मागील भूमिका हीच आहे. त्या भूमिकेतून उसाच्या पुस्तिकेला सहज जोडता आली असती अशी एक ओळ म्हणजे शेताच्या मध्यावर चार सऱ्या कमी नत्राच्या सोडण्याची. तोडणीला त्या सऱ्यांची मोळी वेगळी बांधून वजन केले, तर कोणत्याही कोष्टकापेक्षा खरा आकडा त्या शेतकऱ्याच्या हातात येईल. खर्च काही नाही. अडचण आहे ती मानसिक : बांधावरून दिसणाऱ्या पिवळ्या सऱ्यांची लाज.

एक चांगले वाक्य

या सर्व वाङ्मयात एक वाक्य मात्र वेगळे उठून दिसते. खोडव्याच्या प्रकरणात पाचट न जाळता सऱ्यांत दाबून, पहारीने बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर तितकेच खोल छिद्र घेऊन त्यात खत टाकावे, पहिली मात्रा पंधरा दिवसांच्या आत आणि दुसरी १३५ दिवसांनी, अशी शिफारस येते. विध्यर्थ येथेही आहे. पण येथे पहार आहे, अंतर आहे, खोली आहे, आणि म्हणून तिच्यामागे उभा असलेला माणूसही आहे. खत मातीआड गेल्याने हवेत उडण्याची वाट बंद होते. पाचटाच्या आच्छादनाने पाळीचे पाणी टिकते. चारऐवजी दोनच खेपा असल्याने आवर्तनाशी मेळ घालणे सोपे होते. अंबड-घनसावंगीच्या परिस्थितीला कोष्टकातील कोणत्याही आकड्यापेक्षा हे वाक्य अधिक लागू पडते, कारण ते किती यापेक्षा कसे याविषयी बोलते.

त्याच पानावर पाचट लवकर कुजावे म्हणून टनाला आठ किलो युरिया टाकण्याचीही शिफारस आहे. दहा टन पाचटाला ८० किलो युरिया, म्हणजे सुमारे ३७ किलो नत्र. हे नत्र २५० मधले की २५० वरचे, याचा खुलासा तेथे नाही. शिवाय हेक्टरभर खोडव्याला पहार मारायची म्हणजे हजारो छिद्रे आणि कित्येक दिवसांची मजुरी. समोर २६६ रुपयांचे पोते आणि एका सकाळीत फोकून होणारे काम. पहारीचे वाक्य छापणाऱ्याने मजुरीचा रकाना रिकामा ठेवला आहे.